डफ खरेच फुटला का?

रामजोशीची गोष्ट मी आमच्या घरात किती वेळा ऐकली असेल, याचा हिशेब नाही. बाळीवेशीतल्या आमच्या जुन्या घरात रात्रीची जेवणे आटोपली, की आजोबा ओसरीवर अडकित्ता घेऊन बसत आणि सुपारी कातरता कातरता ही गोष्ट काढीत. सोलापूरच्या एका विद्वान घराण्यातला मुलगा तमासगिरांच्या नादी लागतो. थोरला भाऊ त्याला घराबाहेर काढतो. मुलगा पंढरपुरास जाऊन शास्त्रे शिकतो, तरी हातातला डफ सुटत नाही. शेवटी बारामतीच्या मोरोपंतांशी गाठ पडते, डोळे उघडतात आणि तो आपल्या हातांनी डफ फोडून टाकतो. डफ फुटला, की गोष्ट संपली. मग आजोबा अडकित्ता मिटीत आणि आमच्यापैकी ज्याचे त्या दिवशी काही चुकले असेल त्याच्याकडे पाहत. दादाने गॅदरिंगच्या नाटकासाठी अभ्यास बुडवला, तेव्हा ती त्याच्यासाठी सांगितली गेली. दोन वर्षांपूर्वी माझ्या वहीत मी रचलेली गाणी सापडली, तेव्हापासून ती माझ्यासाठी सांगितली जाऊ लागली.

गाणी लिहिण्याला घरात कोणाची हरकत नव्हती. लिहावीत, वहीत ठेवावीत, फार तर कॉलेजच्या अंकाला द्यावीत. पण आपलेच शब्द, आपलीच चाल आणि आपणच चार लोकांसमोर बसून ते म्हणायचे, हे आमच्या घरात बसणारे नव्हते. मीही फारसा हट्ट धरला नाही. खरे सांगायचे तर घरच्यांच्या नकाराआड माझी भीती सुखाने लपून बसली होती.

गड्ड्याची यात्रा संपल्यावर एका संध्याकाळी मैत्रीण मला एका मैफलीला घेऊन गेली. मैफल म्हणजे काय, तर एका घराच्या माडीवरची खोली, खाली अंथरलेली सतरंजी आणि दाटीवाटीने बसलेली तीसेक माणसे. माईक नव्हता, व्यासपीठही नव्हते. पुण्याहून आलेला एक मुलगा मांडीवर गिटार घेऊन आमच्यासारखाच सतरंजीवर बसला होता. तो स्वतः लिहिलेली गाणी स्वतः बांधलेल्या चालींत म्हणत होता आणि दोन गाण्यांच्या मध्ये ते गाणे कसे सुचले ते सांगत होता. एका गाण्यात तो ओळ विसरला. एरवी अशा वेळी ऐकणारे ओळ सुचवतात. इथे कोण सुचवणार? ती ओळ त्याच्याखेरीज जगात कोणालाच ठाऊक नव्हती. तो हसला, क्षणभर डोळे मिटून बसला आणि कडवे पुन्हा पहिल्यापासून म्हटले. आम्ही सगळे श्वास रोखून त्याच्याबरोबर ती ओळ शोधत होतो. शेवटी त्याने विचारले, की इथे कोणाजवळ स्वतःचे गाणे आहे का? माझी वही पिशवीत होती. मी सतरंजीचे पट्टे पाहत राहिले.

परतताना मैत्रीण म्हणाली, की ही नवी पद्धत आता आपल्याकडेही आली म्हणायची. तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. १९६१ साली बॉब डिलन नावाचा एक विशीतला मुलगा न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागातल्या लहान लहान कॉफीघरांतून गिटार आणि तोंडाचा बाजा घेऊन गाऊ लागला, पुढे आपली स्वतःची गाणी म्हणू लागला आणि २०१६ साली त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, हे आम्ही वर्गात ऐकले होते. पण त्या रात्री घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात डिलन नव्हता, रामजोशी होता. आपले शब्द, आपली चाल, हातात एक वाद्य आणि हाताच्या अंतरावर बसलेले ऐकणारे : हे सारे या गावात दोनशे वर्षांपूर्वी घडून गेले होते. आजोबांच्या गोष्टीत ते घडत होते, पण प्रत्येक वेळी आम्ही ते डफ फुटेपर्यंतच ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या ग्रंथालयात गेले.

रामजोशीचे पूर्ण नाव राम जगन्नाथ जोशी. जन्म सोलापुरातला. जन्माचे साल कोणी १७५८ मानतात, कोणी १७६२. घराणे वेदशास्त्र जाणणाऱ्या ब्राह्मणांचे. थोरला भाऊ मुद्गल हा नावाजलेला पुराणिक. तेव्हाचे सोलापूर म्हणजे गिरण्या आणि चादरींचे शहर नव्हे. पहिली कापडगिरणी यायला १८७७ साल उजाडायचे होते. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वराचे देऊळ आणि तळे यांच्या आसऱ्याने वाढलेले, मराठे आणि निजाम यांच्या सीमेवरचे हे गाव. एका घरात मराठी, दुसऱ्या घरात कानडी आणि बाजारात दख्खनी हिंदुस्थानी, असा त्याचा कारभार. आमची आजी अक्कलकोटची. ती आजही देवाशी कानडीत बोलते आणि आमच्यावर मराठीत रागावते. त्यामुळे रामजोशीच्या कानावर लहानपणी काय काय पडले असेल, हे समजून घ्यायला मला फार लांब जावे लागले नाही.

याच गावात धोंडी शाहिराचा तमाशाचा फड होता. त्या काळचा तमाशा आजच्यासारखा तंबूतला नव्हता. देवळाचे पटांगण, वाड्याचा चौक, चावडीपुढची मोकळी जागा, जिथे माणसे कोंडाळे करून बसतील तिथे तो उभा राही. उजेड दिवट्यांचा. मधोमध डफ घेतलेला शाहीर, मागे सूर धरून ध्रुपद उचलणारे झीलकरी, एकाच्या हाती तुणतुणे. तुणतुणे म्हणजे लाकडी नळकांडे, त्याच्या तळाला मढवलेले कातडे आणि बांबूच्या दांडीला ताणलेली एकच तार. डफाचे कातडे ढिले पडले, की ते विस्तवावर शेकून तापवायचे, म्हणजे आवाज पुन्हा चढतो. आधी गण, मग गौळण, मग लावणी. कलगीवाले आणि तुरेवाले समोरासमोर आले, तर रात्रभर सवाल-जवाब. एकाने कवितेतच कोडे घालायचे आणि दुसऱ्याने तिथल्या तिथे कवितेतच ते सोडवायचे. ऐकणारे इतके जवळ, की शाहिराला त्यांचे चेहरे दिसत. ओळ लागली की नाही, हे तो तिथेच वाचू शके.

हा नाद त्या पुराणिकाच्या धाकट्या भावाला लागला. आधी तो ऐकायला जाऊ लागला, मग लावण्या रचून देऊ लागला आणि मग स्वतः डफ घेऊन उभा राहिला. मुद्गलाने त्याला घराबाहेर काढले. आजोबांच्या गोष्टीत इथे भाऊ बरोबर असे. लहानपणी मला तो दुष्ट वाटे. आता दोन्ही वाटत नाही. पुराणिकाची भाकरी त्याच्या घराण्याच्या नावावर चालते. सकाळी थोरल्याने व्यासपीठावर भागवत सांगायचे आणि रात्री धाकट्याने तमाशात शृंगाराच्या लावण्या म्हणायच्या, हे त्या काळच्या गावाला कसे पचावे? शिवाय तमाशा ही ज्यांची कला मानली जाई, त्या जातींना गाव शिवून घेत नव्हते. त्यांच्या वर्तुळात जाऊन उभे राहणे म्हणजे नुसता छंद नव्हे, जातीची रेघ ओलांडणे होते. ती ओलांडणारा रामजोशी एकटा नव्हता, ही त्या काळाची मोठी गोष्ट. शाहिरीच्या त्या मेळ्यात होनाजी गवळी होता, परशराम शिंपी होता, सगनभाऊ मुसलमान होता. अनंत फंदी, प्रभाकर आणि रामजोशी हे ब्राह्मण होते. देवळात जे एका रांगेत बसले नसते, ते लावणीच्या इतिहासात एका पंगतीला बसले आहेत.

घर सुटल्यावर रामजोशी पंढरपुरास गेला. सोलापूरहून पंढरपूर सुमारे सत्तर किलोमीटर. त्या काळी दोन-तीन दिवसांची पायपीट. तिथे त्याने संस्कृताचा आणि काव्यशास्त्राचा अभ्यास केला आणि व्युत्पन्न पंडित होऊन तो परतला. आजोबा हा भाग घाईने सांगत, कारण त्यांच्या दृष्टीने एवढे शिकूनही मुलगा सुधारला नाही. मला मात्र वाटते, की गोष्टीचे मर्म इथेच आहे. पंढरपूरची विद्या त्याने टाकली नाही आणि धोंडी शाहिराचा फडही टाकला नाही. त्याने एकाची शिदोरी दुसऱ्याच्या घरी नेली. पंडितांच्या काव्यातली यमके, अनुप्रास, श्लेष, लांबलचक संस्कृत समास हे सगळे त्याने डफाच्या ठेक्यावर आणले. ज्या अलंकारांची उदाहरणे आम्ही परीक्षेपुरती पाठ करतो, ते अलंकार त्याच्या लावणीत नाचतात. संस्कृत, मराठी, कानडी आणि हिंदुस्थानी अशा भाषा एकाच लावणीत गुंफण्याची करामतही त्याने केली. पोथीत वाचणाऱ्याला हा कदाचित खेळ वाटेल. सोलापूरच्या माणसाला तो खेळ वाटत नाही. आमच्या गल्लीत भाजीवालीशी घासाघीस याच पद्धतीने चालते, फक्त संस्कृताच्या जागी आता तेलुगू आहे.

त्याच्या लावण्या केवळ शृंगाराच्या नाहीत, हेही मला वाचल्यावरच कळले. शृंगार आहे आणि तो भरपूर आहे, त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण त्याच डफावर त्याने उपदेशही केला. जटा वाढवून, अंगाला राख फासून जगाला फसवणाऱ्या ढोंगी साधूंना त्याने असे फटकारले आहे, की ती रचना पाठ्यपुस्तकांतूनही शिकवली गेली. एका रात्रीत एकाच बैठकीला तो प्रियेचे रूप वर्णीत असे आणि पहाट होता होता देह नाशवंत असल्याची आठवण देत असे. ऐकणारे तेच, गाणारा तोच. माणसाच्या मनातही या दोन गोष्टी शेजारी-शेजारीच राहतात, हे त्याला शास्त्र्यांपेक्षा अधिक समजले होते, असे मला वाटते.

त्याच्या फडात गाणारी म्हणून बया हिचे नाव परंपरेने त्याच्याशी जोडले आहे. तिच्याविषयी पुस्तकांत मोजक्याच ओळी सापडतात. शाहिराचे शब्द पोथ्यांत उतरले, पण ज्या गळ्यातून ते लोकांपर्यंत गेले तो गळा तेवढा बाजूला राहिला. मुलगी म्हणून ही गोष्ट मला लागली. रामजोशीला घर सोडावे लागले, तरी त्याच्या नावापुढे शाहीर आणि कवी अशी पदे लागली. बयेच्या नावापुढे काय लागले असेल, ते आपण सगळे जाणतो.

आता डफाकडे येऊ. मोरोपंत पराडकर हे त्या काळचे थोर पंडित कवी. जन्म १७२९ मध्ये पन्हाळगडावर, पुढचे आयुष्य बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयाने गेले. आर्या म्हणावी तर मोरोपंतांचीच, असा त्यांचा लौकिक. आख्यायिका अशी, की रामजोशीचे कवन ऐकून पंत प्रसन्न झाले, पण एवढी प्रतिभा तमाशात खर्ची पडते याचे त्यांना दुःख झाले. तसे त्यांनी बोलून दाखवताच रामजोशीने डफ फोडला आणि कीर्तन धरले. रामजोशीने कीर्तने केली यात शंका नाही. मोरोपंतांच्या आर्या पंडितांच्या घरातून उचलून सामान्य लोकांच्या कानांपर्यंत नेण्याचे फार मोठे श्रेय त्याच्या कीर्तनांना दिले जाते.

पण एक साधा हिशेब करून पाहावा. मोरोपंत १७९४ साली वारले. म्हणजे डफ फुटला असेल तर त्याआधी, रामजोशी फार तर पस्तिशीत असताना. आणि परंपरा असेही सांगते, की दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात रामजोशीला शाहीर म्हणून मानमरातब मिळाला. बाजीराव गादीवर आला १७९६च्या अखेरीस. मग हा मान कोणाला मिळाला? डफ फोडून बसलेल्या कीर्तनकाराला? एक तर डफ फुटलाच नव्हता, नाही तर फुटल्यावर नवा मढवला गेला होता. कोणतेही खरे धरले, तरी आजोबांची गोष्ट जिथे संपते तिथे रामजोशी संपत नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. संगमनेरच्या अनंत फंदीविषयीही अशीच कथा आहे. तिथे उपदेश करणाऱ्या अहल्याबाई होळकर आहेत आणि तिथेही शाहीर तमाशा सोडून कीर्तनाकडे वळतो. दोन गावचे दोन शाहीर, दोघेही ब्राह्मण, दोघांनाही थोरांचा उपदेश आणि दोघांचाही शेवट कीर्तनात. होनाजीविषयी किंवा सगनभाऊविषयी अशी गोष्ट कोणी घट्ट धरून ठेवलेली मला आढळली नाही. त्यांनी डफ फोडावा अशी कोणाची निकड नसावी. ज्यांची लावणी सोडवत नव्हती, पण जात मध्ये येत होती, त्यांना घरात परत घेण्यासाठी समाजाने हा दरवाजा ठेवला असावा, असे मला वाटते. डफ फोड आणि आत ये. मुद्गलाने जे दार लावले, ते या आख्यायिकेने उघडले. त्यात मायाही आहे, हे मी नाकारत नाही.

शिवाय कीर्तन तरी काय आहे? तिथेही एकच माणूस उभा राहतो. हाती डफाऐवजी चिपळ्या असतात एवढेच. मागे साथीला टाळ-मृदंग, समोर देवळाच्या मंडपात मांडी घालून बसलेली माणसे. पूर्वरंग आपल्या शब्दांत रचायचा, ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहून आख्यान वळवायचे, मध्येच थांबून घरगुती दाखला द्यायचा. रामजोशी तमाशातून कीर्तनात गेला काय किंवा दोन्हीकडे राहिला काय, त्याचे काम बदलले नव्हते. आपले शब्द घेऊन माणसांच्या अगदी जवळ उभे राहायचे आणि ओळ लागते की नाही हे त्यांच्या डोळ्यांत पाहायचे, हेच ते काम. राजवाड्यात मान मिळाला, तरी त्याची लावणी टिकली ती अशा लहान लहान बैठकांतून.

१८१२च्या सुमारास पुण्यात त्याचे निधन झाले. १८१८ साली पेशवाई बुडाली, सोलापूरचा किल्लाही त्याच वर्षी इंग्रजांच्या हाती गेला आणि शाहिरांचे आश्रयदाते नाहीसे झाले. लावण्या मात्र गाणाऱ्यांच्या गळ्यात आणि फडांच्या बाडांत राहिल्या. पुढे शंकर तुकाराम शाळिग्रामांसारख्या संग्राहकांनी त्या गोळा करून छापल्या. १९४७ साली राजकमलचा लोकशाहीर रामजोशी हा चित्रपट आला. जयराम शिलेदार रामजोशी झाले आणि हंसा वाडकर बया. गदिमांची लेखणी आणि वसंत देसाईंचे संगीत. त्या एका चित्रपटाने रामजोशी पुन्हा घराघरांत गेला. म्हणजे ज्या घरांतून डफ बाहेर काढला गेला होता, त्याच घरांत.

हे सगळे वहीत टिपून मी एके रात्री आजोबांपुढे बसले. त्यांनी सुपारी कातरायला घेतली होती. मी विचारले, की डफ फुटला असता तर लावण्या आपल्यापर्यंत कशा आल्या? मग सालांचा हिशेब सांगितला. मला वाटले होते, ते रागावतील. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, की त्यांच्या वडिलांनी त्यांना ही गोष्ट इथपर्यंतच सांगितली होती. पुढे विचारायचे असते हे त्यांना कधी सुचले नाही. आणि थोड्या वेळाने, अडकित्ता हातात तसाच धरून, ते हलक्या आवाजात काही गुणगुणू लागले. ती रामजोशीची लावणी होती. लहानपणी त्यांनी चित्रपट पाहिला होता, दोनदा, आणि त्यातला एक वेळ घरी न सांगता. शब्द त्यांना पुरे पाठ होते. आजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत तिनेही ते त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते.

पुढच्या महिन्यात त्याच माडीवर पुन्हा बैठक आहे. मी एका गाण्यासाठी नाव दिले आहे. गाणे फार मोठे नाही, चार कडव्यांचे आहे, आणि तिसऱ्या कडव्यात चाल अजून अडखळते. विसरले, तर मला ओळ सुचवणारे तिथे कोणी नसेल. घरी मी हे फक्त दादाला सांगितले होते, पण दादाच्या पोटात काही राहत नाही. काल रात्री आजोबांनी मला जवळ बोलावले. गोष्ट काढतील म्हणून मी तयारीने बसले. त्यांनी एवढेच विचारले, की त्या माडीच्या जिन्याला पायऱ्या किती आहेत?

मी म्हटले, चौदा. कठडाही आहे.